टिटवी, फॉक्स पॉईंटपर्यंत आणि परत

पोर्ट ह्यूरॉन, १४ जून २०२५

प्रिय पद्मजावहिनी,

टिटवी निघाली. परवा सकाळी सेंट क्लेअर शोअर्सच्या मरीनातून दोर सोडले आणि काल दुपारी इथे लागलो. निरोपाला मंडळातली पंचवीसेक माणसं आली होती. कुणीतरी नारळ आणला होता, पण ऑफिसातल्या बाईने पाण्यात काही टाकायचं नाही म्हणून बजावलं. मग तो पार्किंग लॉटमध्ये फोडला आणि खोबरं वाटलं.

फोनवर तुम्हाला हल्ली नीट ऐकू येत नाही, म्हणून आसावरी म्हणाली, सरळ पत्रं लिहा. ती गाडीने किनाऱ्याकिनाऱ्याने येते आहे, प्रत्येक बंदरात माझ्या आधी पोचते. पुढच्या मुक्कामांचे पत्ते तिने मागच्या पानावर लिहिलेत. अडुसष्टाव्या वर्षी एकट्याने बोट चालवतोय म्हणून मुलं घाबरली आहेत, पण मी रोज चार वाजायच्या आत बंदर गाठतो आणि हवामान दोनदा बघतो.

मिशिगनचा नकाशा तुम्ही पाहुण्यांना हाताचा पंजा दाखवून समजावायचात. त्या पंजाच्या अंगठ्याला वळसा घालायचा, बोटांच्या टोकांवरून पलीकडे लेक मिशिगनमध्ये उतरायचं आणि खाली फॉक्स पॉईंटला थांबायचं. असे दोन महिने. तिथली ती चौदा माणसं, कुणी प्लंबर, कुणी शाळेत शिकवणारा, एक छदाम न घेता लोकांना पाण्यातून काढतात. चार वर्षांपूर्वी सप्टेंबरात मला त्यांनीच काढलं. शैलेंद्रला दुसऱ्या दिवशी शोधलं तेही त्यांनीच. त्यांची बोट एकतीस वर्षांची आहे, इंजिन मध्येच बंद पडतं. कोस्ट गार्ड तिथून तासाभरावर. तेव्हा नवी बोट घेऊन द्यायचीच.

प्रत्येक बंदरात संध्याकाळी अर्धा तास बोलतो आणि नव्या बोटीसाठी देणग्या मागतो. पोस्टर छान झालंय. शैलेंद्रचा टोपीतला हसरा फोटो, आणि खाली दोनच वाक्यं: ‘याने लाईफजॅकेट घातलं नव्हतं. तुम्ही घाला.’ लोक थांबून वाचतात. काल एका आजोबांनी वाचलं आणि गाडीतून जॅकेट काढून नातीला घातलं. तुम्ही फोटो दिलात, बोट दिलीत. तुमचं मन मोठं आहे, वहिनी.

तुमचा,
गुरुदत्त


अल्फारेटा, जॉर्जिया, २० जून

भावजी,

पत्र मिळालं. नारळाचं वाचून हसले.

बोट दिली त्यात मन मोठं वगैरे काही नाही. तीन वर्षं मी मरीनाचं भाडं भरत होते आणि बघायलासुद्धा जात नव्हते. विकायची म्हटलं तर जाहिरातीसाठी फोटो काढावे लागले असते. तुम्ही मागितलीत, सुटले.

नकुलला पोस्टर दाखवलं. त्याने बाबांचा फोटो पाहिला आणि म्हणाला, “ॲट लीस्ट ही इज युजफुल नाऊ.” मी त्याला रागावले नाही. का रागावू? मलाही तसंच वाटतं. एकसष्ट वर्षांचा माणूस, दोन मुलांना पोहायला शिकवलेला, बोटीत पाय ठेवायच्या आधी सगळ्यांच्या जॅकेटचे पट्टे ओढून बघणारा. आणि त्या दिवशी स्वतः घातलं नाही. वारा वाढलाय, परत फिरू म्हणून तुम्ही सांगत होतात, तर हा म्हणतो दीपगृहापर्यंत जाऊ. मी त्याचे कपडे पहिल्याच महिन्यात देऊन टाकले. लोक म्हणाले, पद्मजा किती खंबीर. खंबीर नव्हते, संतापलेली होते. माणूस आजाराने गेला तर रडता येतं. हट्टाने गेला तर भांडावंसं वाटतं, आणि भांडायला तो नाही.

आता तुम्ही त्याच पाण्याकडे निघाला आहात म्हणून एक विचारते. तेव्हा विचारलं नाही, तुमचीच अवस्था वाईट होती. तो शेवटी काही बोलला का?

पद्मजा


अल्पीना, २७ जून

प्रिय वहिनी,

दोन दिवस इथेच अडकलो आहे. परवा उत्तरेकडून असा वारा सुटला की शीड अर्धं गुंडाळूनसुद्धा टिटवी आडवी व्हायला लागली. शैलेंद्रने तिचा तळ किती जड करून घेतला होता ते तेव्हा कळलं. आम्ही दोघं त्यावरून भांडलो होतो. मी म्हणायचो, ऑटोमोटिव्हमध्ये वजन कमी करण्यात जन्म गेला, तू वाढवतोयस. तो म्हणायचा, तुझी गाडी पाण्यावर चालवून दाखव.

बंदरात मला बांधायला जमेना, तर शेजारच्या बोटीवरच्या दोन बायकांनी उडी मारून दोर धरले. आसावरी धक्क्यावर थर्मास घेऊन उभी. संध्याकाळी लायब्ररीत सत्तर माणसं आली होती.

तुम्ही विचारलंत त्याबद्दल. वहिनी, पाणी इतकं गार होतं की जबडा हलत नव्हता. आम्ही उलटलेल्या होडीला धरून होतो. त्या तासाभरातलं मला सलग काही आठवत नाही. पण शेवटी तो “पद्मा” म्हणाला. तेवढं मी ऐकलं. त्याच्यावर राग धरू नका. माणूस हट्टी होता, पण मनाने सोन्यासारखा.

आता रॉजर्स सिटी, मग मॅकिनॉचा पूल. पुलाखालून गेलं की अर्धं झालं.

गुरुदत्त


अल्फारेटा, ५ जुलै

भावजी,

तुमचं पत्र तीन दिवस पर्समध्ये घेऊन फिरते आहे. भाजी आणायला गेले तरी. चार वर्षांत पहिल्यांदा त्याचा फोटो स्वतःसाठी बाहेर काढला आणि ड्रेसरवर उभा केला. नकुलने पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी तो पुसलेला दिसला.

फॉक्स पॉईंटच्या त्या चौदा जणांच्या प्रमुख डेब म्हणून बाई आहेत, त्यांचं आमंत्रण आलंय. सोळा ऑगस्टला तुम्ही पोचाल त्या दिवशी मीही यावं म्हणतात. इतक्या वर्षांत मी त्या लोकांना एक आभाराचं पत्र लिहिलं नाही, याची लाज वाटली. म्हणून आज त्यांना चार ओळी लिहिते आहे.

जपून राहा. आसावरीला सांगा, लिंबाचं लोणचं पाठवलंय.

पद्मजा


शार्लव्हॉय, ११ जुलै

वहिनी,

घाईत लिहितो. डेबला लिहायची खरं म्हणजे गरज नाही. उन्हाळ्यात त्यांना रोज दोन-दोन कॉल्स असतात, आणि ती बाई जरा फटकळ आहे, काहीतरी बोलून जाईल आणि तुम्हालाच त्रास होईल. तुमच्या वतीने मी आभार मानतो. आणि सोळा तारखेला यायचं, तर तब्येतीचा विचार करा. एवढा प्रवास, गर्दी, त्यात कानाचा प्रॉब्लेम. मी व्हिडिओ पाठवीन. लिहिलं नसेल तर राहू द्या.

गुरुदत्त


अल्फारेटा, १९ जुलै

गुरुदत्त,

लिहिलं होतं. उत्तर आलं.

डेबबाई फटकळ नाहीत. हार्डवेअरचं दुकान चालवतात, त्याच्याच बिलाच्या कागदावर दोन पानं लिहिलीत. त्या म्हणतात, तुमच्या नवऱ्याला वेळेत शोधू शकलो नाही याचं आम्हाला अजून वाईट वाटतं. आणि सोबत एक फोटो पाठवलाय. त्यांच्या स्टेशनात भिंतीला खुंटीवर एक नारिंगी जॅकेट आहे. पट्टे कापलेले. ॲम्ब्युलन्समध्ये तुमच्या अंगावरून त्यांनीच कापून काढलं होतं. कॉलरच्या आत काळ्या शाईने काहीतरी लिहिलंय, ते त्यांच्यापैकी कुणाला वाचता येत नाही. त्यांना वाटायचं, एखादी प्रार्थना असेल. मला विचारलंय, अर्थ काय.

‘शैलेंद्र’ लिहिलंय. तुम्हाला माहीत आहे तो सगळ्या वस्तूंवर मराठीत नाव घालायचा, टूलबॉक्सवर, छत्रीवर, डब्यावर. म्हणायचा, चोराला वाचता आलं नाही पाहिजे. त्याचं अक्षर मी चाळीस वर्षं पाहिलं आहे.

डेबबाई पुढे लिहितात, आणि हे मी त्यांच्याच शब्दांत सांगते: तुमच्या मित्राला बोटीत घेतलं तेव्हा तो थरथरत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, त्याने स्वतःचं काढून मला घातलं. आमच्या नव्या लोकांना आम्ही ते जॅकेट दाखवतो आणि तुमच्या नवऱ्याबद्दल सांगतो.

त्यांना वाटलं मला माहीतच आहे. का वाटू नये? बायकोला कोण सांगणार नाही?

म्हणजे फॉक्स पॉईंटमधल्या प्लंबरला माहीत होतं. हार्डवेअरच्या दुकानात माहीत होतं. आणि मी इथे चार वर्षं माझ्या मेलेल्या नवऱ्याशी भांडत होते. त्याचे कपडे पिशव्यांत भरताना मी त्याला मोठ्याने बोलत होते, घरात कुणी नव्हतं तेव्हा. वर्षश्राद्धाला नकुल आला नाही. “ही चोझ द लेक, आई,” म्हणाला. मी त्याला ये म्हणून दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

आणि तुम्ही त्याचा फोटो बंदराबंदरात चिकटवून लोकांना सांगताय की या माणसासारखं वागू नका.

मला सगळं लिहा. काहीही गाळू नका.

पद्मजा


फ्रँकफर्ट, मिशिगन, २६ जुलै

वहिनी,

हे पत्र पाचव्यांदा लिहितोय.

त्या दिवशी फॉक्स पॉईंटच्या कॉटेजवरची छोटी शिडाची होडी घेऊन आम्ही निघालो, तेव्हा माझं जॅकेट गाडीच्या डिकीत राहिलं होतं. शैलेंद्र म्हणाला, घेऊन ये. मी म्हणालो, एवढ्याशा फेरीला कशाला. तो दोनदा म्हणाला. मी हसून होडीत बसलो. वारा वाढला तेव्हा परत फिरू म्हणणारा तोच होता. दीपगृहापर्यंत जाऊ, असं मी म्हणालो. मला फोटो काढायचा होता.

होडी उलटली. मला पोहता येतं ते स्विमिंग पूलमधलं. मी दोनदा खाली गेलो. त्याने मला कॉलर धरून वर आणलं, होडीच्या पाठीवर टेकवलं आणि स्वतःचं जॅकेट काढलं. मी नको म्हणालो का? प्रामाणिकपणे सांगतो, नाही म्हणालो. तो म्हणाला, “हात वर कर, गुर्‍या.” मी लहान मुलासारखे हात वर केले. त्याने पट्टे आवळले. मग तो होडीला धरून राहिला. मला वाटतं पाऊण तास. मी एकदा मान वळवली तर तो होता, पुन्हा वळवली तर नव्हता.

तो “पद्मा” म्हणाला नव्हता. ते मी अल्पीनाला बसून लिहिलं. तुम्ही इतकं साधं काही विचारलंत आणि माझ्याकडे द्यायला काही नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये मी तुम्हाला सांगणार होतो. आसावरी म्हणाली, आज नको, आज तिला सोसणार नाही. तुम्हाला पहिला फोन तिने केला. तुम्ही विचारलंत, त्याने जॅकेट नव्हतं का घातलं? ती म्हणाली, नव्हतं घातलं गं. ते खोटं नव्हतं. पण तुम्ही तिथेच त्याच्यावर चिडलात, आणि आम्ही दोघांनी चिडू दिलं. मी भेटायला आलो तेव्हा तुम्ही म्हणालात, तुम्ही परत फिरू म्हणाला असाल, तुम्ही सावध आहात, त्याचाच हट्ट असणार. मी मान हलवली. वहिनी, मी फक्त मान हलवली. पुढचं सगळं त्या मानेवर उभं राहिलं. मंडळात लोक विचारायचे, मी तेच सांगायचो, आणि सांगून सांगून ते इतकं सरावाचं झालं की कधीकधी मलाच खरं वाटायचं.

ही सफर मी त्याच्यासाठी काढली, यावर विश्वास ठेवा. पोस्टरची कल्पना मंडळाच्या कमिटीची होती. मला अडवता आलं नाही.

एकच विनंती. नवी बोट जवळजवळ ठरलीय. आत्ता हे बाहेर आलं तर लोक मागे हटतील, आणि नुकसान त्या चौदा माणसांचं होईल. मला फॉक्स पॉईंटपर्यंत वेळ द्या. सोळा तारखेला मी सगळ्यांसमोर बोलेन.

गुरुदत्त


अल्फारेटा, १ ऑगस्ट

गुरुदत्त,

तुम्ही जगलात याचा मला राग नाही. हे आधी सांगते, म्हणजे पुढे तुम्हाला त्याआड लपता यायला नको. शैलेंद्रने जे केलं ते त्याने केलं, आणि तो दुसरं काही करणारच नव्हता. तुम्ही जॅकेट विसरलात, दीपगृह बघायचं होतं, हेही मी समजू शकते. त्या रात्री येऊन सांगितलं असतंत तर मी तुमच्या गळ्यात पडून रडले असते.

तुम्ही त्याला बुडवलं नाहीत. पण त्याला वाईट ठरू दिलंत. माझ्याजवळ, त्याच्या मुलाजवळ. आणि मग “पद्मा.” तो शब्द मी तीन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले.

त्या बोटीच्या लोकांचं नुकसान मी करणार नाही. हे तुम्हाला माहीत होतं, म्हणून तुम्ही तसं लिहिलंत. सोळा तारखेपर्यंत मी कुणाला बोलणार नाही, नकुलला सोडून. त्याला आज संध्याकाळी सांगणार आहे.

त्या दिवशी तिथे उभं राहून तीन गोष्टी सांगायच्या. जॅकेट कुणी आणलं नव्हतं. पुढे जाऊ कोण म्हणालं. आणि कुणी कुणाला दिलं. मी येणार नाही. मला तुमच्याकडे बघत ते ऐकायचं नाही.

पद्मजा


ट्रॉय, १८ ऑगस्ट

पद्मजा,

तू मला लिहिलं नाहीस, पण मी लिहिते. सोळा तारीख छान पार पडली. दोनशे माणसं होती. नवी बोट पुढच्या वसंतात येणार, ठरलं. हे खूप हिमतीने बोलले गं. म्हणाले, “आमच्या दोघांत एकच जॅकेट होतं, आणि नशिबाने ते माझ्या वाट्याला आलं. माझा मित्र माझ्यापेक्षा मोठा माणूस होता.” लोक उभे राहिले. मागे डेब होती, ती मात्र मध्येच उठून बाहेर गेली.

मला माहीत आहे तुला आणखी काही हवं होतं. पण त्यांचं बीपी बघ, वय बघ. सगळा तपशील चारचौघांत सांगून कुणाचं भलं होणार होतं? नशिबाने म्हटलं म्हणजे त्यात सगळं आलंच की.

दोष माझाही आहे. हॉस्पिटलमध्ये त्यांना गप्प मी बसवलं. मी त्यांना तसं पाहिलं होतं, निळे पडलेले, आणि मला वाटलं, आता पद्मजा यांच्याकडे पाहील तेव्हा प्रत्येक वेळी तिला शैलेंद्रभावजी आठवतील. मग ती आपल्या घरी येणार नाही. मला तू हवी होतीस. तेरा दिवस तुझ्याजवळ राहिले, तुझ्या शेजारी झोपले, रोज सकाळी उठून म्हणायचे, आज सांगते. ते आज आलंच नाही. छत्तीस वर्षांची मैत्री आहे आपली. एका फोनवरच्या वाक्याने ती जाऊ नये.

टिटवी फॉक्स पॉईंटलाच बांधून ठेवली आहे. तिचं काय करायचं ते सांग.

आसावरी


टिटवीवर, ईस्ट टॉवस सोडल्यावर, १७ सप्टेंबर

आसावरी,

टिटवीचं काय केलं ते तुला कळलंच असेल. तरी लिहिते, कारण पुढचं तुला त्यांच्याकडून ऐकावं लागू नये.

नकुलला मी सांगितलं तेव्हा तो उठला. गॅरेजमध्ये गेला आणि बराच वेळ आला नाही. मी बघायला गेले तर गाडीत बसला होता, इंजिन बंद, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मला म्हणाला, “आय सेड इट ॲट हिज फ्यूनरल, आई. आय स्टूड अप अँड सेड ही वॉज सेल्फिश.” मग मराठीत म्हणाला, “तू मला थांबवलं का नाही?” मी म्हटलं, मलाही तेच वाटत होतं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी त्याने पाच आठवड्यांची रजा टाकली. “नशिबाने” एवढा एकच शब्द मी त्याला वाचून दाखवला होता. आम्ही दोघं फॉक्स पॉईंटला गेलो. डेबबाईंनी स्टेशन उघडून दिलं. नकुलने कॉलर उलटून अक्षर पाहिलं, मला वाटलं जॅकेट मागेल, पण त्याने ते नीट खुंटीवर टांगलं. बाईंना मी विचारलं, खरं सांगितलं तर तुमच्या बोटीला धोका आहे का? त्या म्हणाल्या, बोट लोकांना पाण्यातून बाहेर काढायला असते, तिचं कारण सांगून कुणाला बुडालेलं ठेवायचं नसतं. सभेतून उठून का गेलात, ते मी विचारलं नाही.

मग नकुल म्हणाला, ज्या बंदरांत बाबांचं पोस्टर लागलंय तिथे सगळीकडे जायचं. आणि बोटीनेच जायचं. बाबांनी त्याला बारा वर्षांचा असताना टिटवीवर शिकवलं होतं. पहिल्या दिवशी त्याच्या हातून दोन गाठी सुटल्या, तिसऱ्या दिवशी एकही नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा बोटीवर झोपले, उलट्या केल्या, शीड धरायला शिकले. सहासष्टाव्या वर्षी तळहाताला फोड आले.

प्रत्येक बंदरात आम्ही ऑफिसात जातो, पोस्टर काढायला सांगतो, आणि पाच-दहा, जी काय माणसं असतील त्यांना मी उभी राहून सांगते. माझ्या इंग्रजीत, लिहून घेतलेलं. तुझ्या नवऱ्याचं नाव मी घेत नाही. ‘त्याचा मित्र’ एवढंच म्हणते. कुठे लोक ऐकतात, कुठे चाललेलं खाणं चालू ठेवतात. अल्पीनाला एक बाई म्हणाली, मागच्या वेळी मी ऐकलं होतं आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं होतं की असला मूर्ख माणूस पाहिला नाही. आणि मला सॉरी म्हणाली. ती जूनमध्ये लायब्ररीतल्या सत्तर माणसांपैकी होती. बाकीच्या एकोणसत्तरांना कोण सांगणार, हे मला माहीत नाही.

आज ईस्ट टॉवसला, मरीनाच्या हॉलमध्ये, तीस-चाळीस माणसं होती. मी बोलायला सुरुवात केली आणि गुरुदत्त मागच्या दारातून आले. ट्रॉयहून गाडीने एकटेच आले असावेत. मला वाटलं आता निघून जातील. मी कागद घडी केला आणि म्हटलं, तो मित्र इथे आहे, पुढचं तो सांगेल.

त्यांनी सांगितलं. सगळं. डिकीतलं जॅकेट, दीपगृह, फोटो, हात वर केले ते, मान हलवली ते. काहीही गाळलं नाही. आवाज फुटला, खाली बसले, पुन्हा उठून सांगितलं. मला पुढची खुर्ची होती, त्यामुळे बहुतेक ऐकू आलं.

मग काय झालं ते सांगते. लोक उठून त्यांच्याजवळ गेले. एका म्हाताऱ्याने त्यांना मिठी मारली. कुणी पाणी आणलं, कुणी पाठीवर हात ठेवला, किती धैर्य लागलं असेल म्हणाले. त्यांच्याभोवती इतकी गर्दी झाली की मला ते दिसेनात. मी आणि नकुल पोस्टर हातात घेऊन भिंतीशी उभे होतो. मी दोन महिने वाट पाहत होते की हे एकदा त्यांच्या तोंडून बाहेर पडावं, मग मला मोकळं वाटेल. ऐकलं, आणि तसं काही वाटलं नाही. जे माझ्याकडून गेलं ते तसंच गेलेलं होतं. त्यांना मात्र हलकं वाटत असावं. चेहऱ्यावर दिसत होतं.

तू छत्तीस वर्षांचं लिहिलंस. मी त्यातल्या त्या तेरा दिवसांचाच विचार करते. तू माझ्यासाठी मऊ भात करायचीस, माझे केस विंचरायचीस. त्यातलं माझ्यासाठी किती होतं आणि त्यांना वाचवण्यासाठी किती, हे मी वेगळं करून पाहिलं. होत नाही. तुलाही जमणार नाही. त्यामुळे तू ट्रॉयहून आता मला काही लिहू नकोस. रागाने सांगत नाही. तुझं अक्षर पाकिटावर दिसलं की मला आधी वाटतं, यात काय लिहिलेलं नसेल.

आणखी दोन बंदरं राहिली आहेत. दुपारी वारा उत्तरेचा झाला आणि नकुल म्हणाला, “चल आई, निघू.” आम्ही बोटीत चढलो. गुरुदत्त गर्दीतून सुटून धक्क्याच्या टोकापर्यंत आले. डोळे सुजलेले होते. काही बोलले असतील तर मला ऐकू आलं नाही. वाकून त्यांनी दोर सोडायला हात पुढे केला, जसा बंदरात कुणीही करतं.

नकुल पुन्हा धक्क्यावर उतरला, त्यांच्या बाजूने पुढे गेला आणि दोर स्वतः सोडला.

पद्मजा